वायआर४ लघुग्रह : ३.१ टक्क्यांवरून शून्यावर येणं हेच बरोबर होतं

‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाबद्दलचा एक मजकूर अजून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी १ टक्का सांगितली, मग ३.१ टक्के, आणि आठवड्याभरात जवळजवळ शून्य. म्हणजे शास्त्रज्ञांना गणित जमत नाही, किंवा ते काहीतरी लपवतात. शिवाय तो मुंबईवर पडणार होता.

‘आकडा वाढला आणि अचानक पडला’ : चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ ला दिसला, तेव्हा पृथ्वीजवळून निघून जाऊन त्याला दोन दिवस झाले होते. हाती होते ते दूर जाणाऱ्या, अंधूक होत चाललेल्या ठिपक्याचे मोजके वेध. अशा वेधांत एकच नव्हे, असंख्य कक्षा बसतात. त्या सगळ्या २०३२ पर्यंत पुढे नेल्या की त्या दिवशी तो जिथे असू शकेल अशा जागांचा लांबलचक पट्टा मिळतो. ढोबळ हिशेब करून बघा. पट्टा १० लाख किलोमीटरचा असेल, तर त्यात पृथ्वीचा सुमारे १२,७०० किलोमीटरचा व्यास सव्वा टक्का भरतो. नव्या वेधांनी पट्टा ४ लाखांवर आला आणि पृथ्वी अजून आतच असली, तर तोच वाटा ३ टक्क्यांच्या वर जातो. पृथ्वी तेवढीच, लघुग्रहाची वाटही तीच. कमी झालं ते आपलं अज्ञान. पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर राहिली, की आकडा कोसळणारच.

अपोफिस या दुसऱ्या लघुग्रहाचंही हेच झालं होतं. डिसेंबर २००४ मध्ये, तो २०२९ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली; मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला आणि २०२९ चा धोका मिटला. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल.

‘गणित जमत नाही’ : ६ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेतल्या ॲरिझोनातून अंतराळातला जेमतेम ४ मीटरचा एक दगड दिसला. तो काही तासांतच सुदानवर वातावरणात शिरणार, हे वेळेसकट आधी सांगितलं गेलं आणि तसंच झालं. नंतर न्यूबियन वाळवंटात त्याचे तुकडेही सापडले. गणिताला मर्यादा आहेत, हे मात्र खरं. ऊन खाल्लेला पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकतो, त्याचा अगदी हलका रेटा वर्षानुवर्षं कक्षा सरकवत राहतो. म्हणूनच बेन्नू या लघुग्रहावर यान जाऊन आलं तरी तो २४ सप्टेंबर २१८२ ला आदळण्याची २,७०० त १ एवढी शक्यता उरलीच आहे. ती उघडपणे सांगितलेली आहे.

‘लपवतात’ : जगभरचे वेध मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राकडे जमा होतात आणि कोणालाही बघता येतात. त्यावर नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा, युरोपीय अंतराळ संस्था आणि इटलीतला निओडिस गट आपापले स्वतंत्र हिशेब करतात. हौशी निरीक्षकसुद्धा घरच्या संगणकावर कक्षा काढतात. लपवायचंच असतं, तर ३.१ हा आकडा आपल्यापर्यंत पोचलाच नसता.

‘मुंबईवर पडणार होता’ : हा दावा मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण त्याने इथली माणसं विनाकारण घाबरली. तेव्हा सांगितलेला पृथ्वीवरचा पट्टा पूर्व पॅसिफिकपासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत जात होता. त्याचा अर्थ एवढाच, की आदळलाच तर या रेषेवर कुठेतरी. आणि तिचा बराच भाग समुद्रावरून जातो. ३.१ टक्के ही संपूर्ण रेषेची मिळून शक्यता होती, एकट्या मुंबईची नव्हे. फेब्रुवारी २०२५ संपण्याआधीच ती ०.००४ टक्क्यांवर आली होती.