जाहीर आभार

आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र रात्र तालमी केलेली मंडळी. आता कुणी बँकेत, कुणी मालिकांत, कुणी माझ्यासारखं देशाबाहेर, लाटव्हियाच्या राजधानीत, रीगात. तिथे थोड्या थोड्या दिवसांनी एकच वाद पेटतो: मराठी कलावंत भूमिका का घेत नाहीत? यंदा त्यात रशियन अभिनेत्री आल्या. एकाने युक्रेन युद्धानंतर रशियाबाहेर राहिलेल्या चुल्पान हमातोवाचा फोटो टाकला, खाली ओळ: 'देश सोडला, पण मान तुकवली नाही. आणि आमचे हे, दहीहंडीची सुपारी मिळाली की खूश.' पाठोपाठ दुसरा: 'देश अडचणीत असताना पळून जाणारीचं कसलं कौतुक?' मग मला टॅग. 'तू रीगात आहेस ना? ती तिथेच असते म्हणे. तूच सांग.'

सांगते, पण त्या दोघांपैकी कुणालाच आवडणार नाही असं सांगणार आहे.

हमातोवा १९७५ ची, कझानची, तातार घरातली. तिची मैत्रीण दिना कोर्झून १९७१ ची, स्मोलेन्स्कची. त्याच पिढीतली अभिनेत्री-गायिका येकातेरीना गुसेवा १९७६ ची, मॉस्कोची. सोव्हिएत संघ १९९१ साली कोसळला तेव्हा या मुली पंधरा ते वीस वर्षांच्या होत्या. शाळेत गळ्यात लाल रुमाल बांधून मोठ्या झाल्या आणि नाट्यशिक्षण घेऊन बाहेर पडेपर्यंत गावोगावच्या सिनेमागृहांत फर्निचरची नि मोटारींची दुकानं थाटलेली. सिनेमाचं उत्पादन रोडावलेलं. नाटक मात्र बंद पडलं नाही. ते का, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आपल्याकडे नटीला 'नाईट' मिळते. प्रयोग झाला की पाकीट, नाही झाला तर नाही. निर्माता खासगी, नाटक पडलं की सगळे आपापल्या वाटेने. रशियात तसं नाही. तिथे मोठी नाट्यगृहं सरकारी किंवा नगरपालिकेची, प्रत्येकाची स्वतःची कायम मंडळी, मंडळीतल्या नटाला महिन्याचा पगार आणि वर प्रयोगागणिक भत्ता. एकेक नाटक दहा-पंधरा वर्षं महिन्यातून एकदोनदा लागत राहतं. वर कलाप्रमुख बसलेला, आणि त्याची नेमणूक खात्याच्या सहीने. शिवाय 'सन्माननीय कलावंत', 'जनतेचा कलावंत' या पदव्या. त्याही सरकारच देतं. हमातोवा वर्षानुवर्षं मॉस्कोच्या सोव्रेमेनिक नाट्यगृहात होती. आपल्या हौशी-व्यावसायिक दोन्ही मंडळींना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे, मलाही वाटतो. पण पगाराची वही ज्याच्या हातात, त्याच्याविषयी जाहीरपणे काय बोलायचं हा प्रश्न तिथे रोजचा आहे. आपल्याकडे तो तारखा वाटणाऱ्या महापालिकेपुरता, अनुदानाच्या फायलीपुरता आणि कोट्यातल्या घरापुरता येतो. येतो, पण तुकड्यातुकड्यांनी.

१९९८ साली वालेरी तोदोरोव्स्कीने 'बहिऱ्यांचा देश' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा केला. जुगारी मित्राच्या कर्जापायी गुंडांपासून पळणारी एक मुलगी, आणि तिला आसरा देणारी बहिरी नर्तकी. पळणारी हमातोवा, नर्तकी कोर्झून. नव्वदीतल्या गुंडांच्या मॉस्कोत दोघीच एकमेकींना धरून. त्या सिनेमातून त्यांची मैत्री झाली, आणि मैत्रीतून एक काम उभं राहिलं. मॉस्कोतल्या मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना रक्तावर किरणप्रक्रिया करणारं यंत्र हवं होतं. बजेटमध्ये पैसे नव्हते. दोघींनी २००५ च्या जूनमध्ये सोव्रेमेनिकच्या रंगमंचावर मदतीचा कार्यक्रम केला, नावाजलेले गायक-नट गोळा केले, पैसे जमवले. पुढच्या वर्षी 'पोदारी झिज्न' नावाची संस्था रीतसर स्थापन झाली. तोवर हमातोवा बाहेरही ओळखली जाऊ लागली होती. बर्लिनच्या भिंतीनंतरच्या दिवसांवरचा 'गुड बाय, लेनिन!' हा २००३ चा जर्मन सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे, त्यातली परिचारिका ती.

मग मोठं काम आलं. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी सरकारी रुग्णालय आणि संशोधन केंद्र. ते जून २०११ मध्ये मॉस्कोत उभं राहिलं, दिमित्री रोगाचोव्ह या मुलाच्या नावाने. या आजारी मुलाने पुतिन यांना भेटायची इच्छा व्यक्त केली होती, ते त्याला भेटायलाही गेले होते. रुग्णालय वेळेत झालं, उत्तम झालं. आणि २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी हमातोवाची एक चित्रफीत आली: पुतिन यांनी आम्हाला दिलेले शब्द पाळले, म्हणून माझं मत त्यांना. तिच्यावर दबाव होता अशी कुजबुज झाली, तिने ती नाकारली. त्याच वर्षी तिला 'जनतेची कलावंत' ही पदवी मिळाली. टीव्हीवरच्या एका मुलाखतीत क्सेनिया सोब्चाकने तिला कोंडीत पकडलं: क्रांती हवी की उत्तर कोरियासारखा देश? हमातोवाने क्रांतीपेक्षा दुसरा पर्याय पत्करला. ते वाक्य तिला आजही ऐकवलं जातं.

फोटो टाकणाऱ्या माझ्या मित्राला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्यासाठी ती २०२२ मध्ये जन्मली.

मला तिचा राग २०२२ साठी येत नाही, आणि कौतुकही त्या एका वर्षापुरतं नाही. राग येतो तो २०१२ चा, आणि तो मुलं, आजार, सगळं लक्षात घेऊनही येतो. रुग्णालय सरकारी तिजोरीतून झालं. ती तिजोरी लोकांच्या कराची. मग आभार एका माणसाचे का? पण हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मॉस्को येतच नाही, येतो आमच्या कोथरूडच्या घराजवळचा चौक. गटार झाकलं म्हणून नगरसेवकाचे जाहीर आभार, बसथांब्याला पत्रा लागला म्हणून आमदारांचे जाहीर आभार, खात्यात योजनेचे पैसे आले म्हणून तीन-तीन भाऊंचे जाहीर आभार, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइझ फोटो. आपल्याच पैशाबद्दल हात जोडायची ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की फ्लेक्स बेकायदा लागला यावर वाद होतो, त्यावरच्या मजकुरावर होत नाही. हमातोवाची ती चित्रफीत म्हणजे तसाच एक फ्लेक्स होता, फक्त फोटो फार चांगल्या नटीचा होता.

कलावंत 'बोलत नाहीत' याची सुरुवात तिथे होते, असं मला वाटतं. युद्ध पेटल्यावर बोलायचं की नाही हा फार पुढचा प्रश्न. आधी आभार मागितले जातात, आणि तेही अशा कामासाठी की नाही म्हणणारा दगडाच्या काळजाचा वाटावा.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा हमातोवा देशाबाहेर होती. तिने युद्धाविरुद्धच्या निवेदनावर सही केली आणि मार्चमध्ये एका मुलाखतीत सांगून टाकलं की परतणार नाही. परतायचं तर युद्धाला युद्ध म्हणायचं नाही किंवा माफी मागायची. ती रीगाला राहिली, आणि तेही हवेत उडी मारून नाही. इथल्या 'न्यू रीगा थिएटर'चा दिग्दर्शक आल्विस हेर्मानिस तिच्या ओळखीचा. २००८ मध्ये मॉस्कोत त्याने रशियन लेखक शुक्शिनच्या कथांवर नाटक केलं त्यात ती आणि येव्गेनी मिरोनोव. २०२० मध्ये गोर्बाचोव्ह दांपत्यावरच्या नाटकात पुन्हा हीच जोडी, ती रायसा, तो मिखाइल. देश सोडायला धैर्य लागतंच, पण पलीकडे फोन उचलणारा कुणीतरी लागतो. मंडळीतल्या नेपथ्य हलवणाऱ्या पोराला, दुय्यम भूमिका करणाऱ्या पन्नाशीतल्या बाईला तो नसतो. मिरोनोव रशियातच राहिला.

रीगात तिने हेर्मानिसबरोबर एकपात्री केलं. त्यात दोस्तोयेव्हस्की आणि अन्ना पोलितकोव्स्कायाचं लेखन. २००६ मध्ये मॉस्कोत गोळ्या घातलेली ती पत्रकार. त्यातला एक धागा 'नोर्द-ओस्त'चा. ऑक्टोबर २००२ मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात या संगीतिकेचा प्रयोग चालू असताना चेचेन बंदूकधाऱ्यांनी सगळं प्रेक्षागृह ओलीस धरलं. तीन दिवसांनी सरकारने आत वायू सोडला. सुमारे १३० ओलीस मेले, बहुतेक त्या वायूने.

त्या संगीतिकेची नायिका होती गुसेवा. त्या संध्याकाळी तिचा प्रयोग नव्हता, म्हणून ती वाचली. तेव्हाच आलेल्या 'ब्रिगादा' मालिकेने ती घराघरांत पोचली होती. पुढेही ती मॉस्कोतच काम करत राहिली. म्हणजे एकीने ज्या रंगमंचावर काम केलं त्या रंगमंचावरच्या मृतांविषयी दुसरी परक्या देशात बोलते आहे, आणि पहिली त्याच शहरात काम करत राहिली. यावरून एक शूर नि दुसरी भित्री असं ठरवायला मी तयार नाही. आपले सहकारी ज्या इमारतीत अडकले तिचं ओझं माणूस कसं वाहतो हे दुरून कळत नाही.

आता इथलं सांगते, कारण ग्रुपवरच्या मंडळींना परदेश म्हणजे मोकळी हवा वाटते. आमच्या खालच्या मजल्यावर एक रशियन आजी राहतात. चाळीस वर्षं रीगात, पासपोर्ट रशियाचा. २०२२ नंतर कायदा बदलला, अशांना इथे राहायचं तर लाटव्हियन भाषेची परीक्षा द्यावी लागली. मी ती परीक्षा आधीच दिलेली, म्हणून संध्याकाळी चौकटीची वही घेऊन वर यायच्या. लाटव्हियन शिकवणारी मराठी बाई आणि शिकणारी रशियन आजी, मधे लोणच्याच्या काकड्या. 'बाजारात काय घेतलं?' या प्रश्नाला त्या प्रत्येक वेळी बटाटेच घ्यायच्या, कारण बटाट्याचं अनेकवचन पाठ होतं. त्यांना हमातोवा आवडत नाही. 'पळाली' म्हणतात. गुसेवाची गाणी मात्र स्वयंपाक करताना लावतात. माझी लाटव्हियन सहकारी दोघींवरही फुली मारते. तिच्या आजीला सोव्हिएत राजवटीने सैबेरियात धाडलं होतं. रशियन नटीने आमच्या रंगमंचावर येऊन रशियाचं दुःख का करावं, हा तिचा सवाल. तरी ती माझ्याबरोबर नाटकाला आली, गार्डरोबमध्ये कोट ठेवताना म्हणाली, 'मी टाळ्या वाजवणार नाही.' शेवटी लोक नेहमीसारखे फुलं घेऊन पुढे गेले. हिने टाळ्या वाजवल्या, पण बसून.

हमातोवा लाटव्हियन शिकली, त्या भाषेत भूमिका करते. (हे वाचून ग्रुपवर लगेच 'बघा, परप्रांतीय असून शिकली' येणार. तो वाद कृपा करून दुसऱ्या दिवशी.) ज्या देशाने तिला जागा दिली त्याच देशाने डिसेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतून परागंदा झालेल्या 'दोझ्द' या रशियन वृत्तवाहिनीचा परवाना रद्द केला; रणांगणावरच्या रशियन सैनिकांबद्दल निवेदकाने काढलेले आपुलकीचे उद्गार नडले. छोट्या देशाची भीती मला समजते. पण इथेही तोंड उघडण्याआधी लोक आजूबाजूला बघतात. मीही बघते. परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले मित्र ओसीआय कार्ड जाईल म्हणून पोस्ट खोडतात आणि पुण्यातल्या नटाला मात्र 'बोल' म्हणतात, हे मी ग्रुपवर लिहिलं तर दोघे जण ग्रुप सोडतील. इथे लिहिते.

मागे राहून बोलणाऱ्यांचं काय झालं? लिया अखेजाकोवा १९३८ ची, म्हणजे या मुलींच्या आईच्या पिढीची. १९७७ पासून सोव्रेमेनिकमध्ये. युद्धाविरुद्ध बोलत राहिली, २०२३ मध्ये चौऱ्याऐंशीव्या वर्षी मंडळीतून बाहेर. आणि धाकट्या पिढीतली दिग्दर्शिका झेन्या बेर्कोविच नि नाटककार स्वेतलाना पेत्रीचुक: इंटरनेटवरून फूस लावून दहशतवाद्यांच्या बायका बनवलेल्या रशियन स्त्रियांवर नाटक केलं, त्याला राष्ट्रीय पातळीवरचा 'सोनेरी मुखवटा' मिळाला, आणि त्याच नाटकाबद्दल 'दहशतवादाचं समर्थन' म्हणून जुलै २०२४ मध्ये सहा-सहा वर्षांची शिक्षा. अशा ठिकाणच्या माणसांना आपण कण्याचे गुण द्यायला बसतो.

या वादात आमच्याकडे हमखास दुर्गाबाई येतात. कऱ्हाडचं १९७५ चं संमेलन, आणीबाणी, पुढे तुरुंग. आदर आहेच. पण दुर्गाबाईंना बोलायला नेपथ्य लागत नव्हतं. नटीला नाट्यगृह लागतं, प्रकाश लागतो, समोर नट लागतो, बुकिंगवर बसणारा माणूस लागतो, आणि तिने तोंड उघडलं की या सगळ्यांच्या नाईटवर गदा येते. म्हणून तुलना करायचीच तर मला डॉ. लागू आणि निळूभाऊ फुले जवळचे वाटतात. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून त्यांनी नाटकाचे प्रयोग लावून निधी उभा केला. तिकीट काढणारा प्रेक्षकच देणगीदार. कुणाच्या नावाचा फ्लेक्स लागला नाही, पुढे कुणी चित्रफीत मागायला आलं नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. फोटोवाला मित्र म्हणाला, 'म्हणजे तिने पोरांना मरू द्यायचं होतं?' नाही. पहिल्या यंत्राचे पैसे तिने कार्यक्रम करूनच जमवले होते, कुणाचेही आभार न मानता. रुग्णालय तिकिटांतून होत नाही, ते सरकारनेच बांधायचं असतं. ते झाल्यावर डॉक्टरांशी हस्तांदोलन करून तिने सोव्रेमेनिकच्या संध्याकाळच्या प्रयोगाला जायला हरकत नव्हती. यावर त्याने अंगठा दाखवला. दुसऱ्याने विचारलं, गुसेवाची गाणी कुठे ऐकायला मिळतील.