मधला माणूस गेला कुठं?

‘थेट खात्यात पैसे आले की मधला माणूस संपतो’ हे सरकारी योजनांच्या पैशांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या आत्तीचे लाडकी बहीणचे १५०० रुपये दोन महिने दिसेनात. ती आपली नेहमीच्या बँकेत हेलपाटे घालतेय आणि पैसे गॅसच्या सबसिडीसाठी मागनं काढलेल्या खात्यात पडून! आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते, हे तिला कोण सांगणार?

त्यात जन्मभर ऊस भांगलून बोटांच्या रेषा झिजलेल्या. पदराला पुसून चारदा अंगठा लावला, तेव्हा कुठं मशीननं घेतला. पैसे काढून देणाऱ्या पोरानं वर पन्नास रुपये ठेवून घेतले, पावती नाहीच. लेखात केनियातल्या एम-पेसाचं, म्हणजे मोबाइलवरनं पैसे पाठवायच्या सेवेचं, कौतुक केलंय, पण तिथंही हातात रोकड एजंटच देतो की.