राष्ट्रीय फुटबॉल पुरस्कार घरी आणायचा आहे? मग असं करा

भाऊ, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू व्हायचं मनावर घेतलंच असेल, तर पहिली सूचना: आमच्या तालुक्यात जन्म घेऊ नका. घेऊन बसला असाल तरी हरकत नाही. आय. एम. विजयनने हा मान तीनदा मिळवला, आणि पोरवयात तो त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकायचा. तुम्हीही सोडा विका. सोडा बसस्टँडवर मिळतो, स्टेडियम तेवढं शोधून ठेवा.

सराव आखरावर करा. गुरं चरायला गेली की मैदान तुमचं, घंटांचा आवाज आला की खेळ खलास. शेणाचा पो चुकवून चेंडू काढता आला, की पुढे कुठलाही डिफेंडर चिल्लर वाटतो. पावसाळ्यात मात्र जपून. नियमाप्रमाणे सामना सुरू होताना चेंडू 410 ते 450 ग्रॅमचा लागतो. दहा मिनिटांत त्याला जी काळी माती चिकटते, तिच्याबद्दल नियमात चकार शब्द नाही. हेडर मारायची हौस असेल तर घरी सांगून निघा.

पुरस्कार रेफ्रीलाही असतो, असिस्टंट रेफ्रीला वेगळा. आमच्याकडे दोन्ही कामं एकच माणूस करतो, ज्याच्याकडे शिट्टी असेल तो. मागच्या तान्ह्या पोळ्याला ती माझ्याकडे होती. मी ऑफसाइड दिला. झालं, एक बुढा धोतर सावरत थेट मैदानात. "काहून बे, पोट्टा पुढं उभा रायला त पाप केलं काय?" मी म्हटलं, काका, शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या पुढे होता. "शेवटून दुसरा म्हंजे कोन? नाव सांग त्याचं!" नाव सांगितलं, तर तो त्यांचाच पुतण्या निघाला. एवढ्यात उजवा गोलपोस्ट चालू लागला. ती कुणाचीतरी चप्पल होती आणि मालकाला म्हशीचं दूध काढायला जायचं होतं. तेव्हा सर्वोत्तम रेफ्री व्हायचं असेल तर ऑफसाइड देऊच नका, आणि शेवटची शिट्टी मोटारसायकल चालू करूनच फुंका.

क्लबचं काम सोपं आहे. आधी फ्लेक्स, मग जमलं तर संघ. फ्लेक्सवर नेत्याचा फोटो दोन माणसं उंच, खेळाडू खाली रेशन कार्डावर मावतील एवढे. बक्षिसाचा चेक थर्माकोलचा असतो, तो बँकेत नेऊ नका. मी नेला होता.

नागपूरच्या स्लम सॉकरला 2016 मध्ये थेट फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. पण त्यांनी वर्षानुवर्षं वस्तीतली पोरं खरोखर खेळवली. इतका लांबचा रस्ता तुम्हाला कशाला सांगू?

आणि हो, पुरस्कार ठेवणार कुठे ते आधीच ठरवा. सुनील छेत्रीने महासंघाचा हा सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान सात वेळा घेतला, त्याचं तो बघेल. आमच्या घरी तालुक्याचा एकच कप आहे. आईने त्यात तुरीचं बियाणं भरून ठेवलंय. झाकण घट्ट बसतं म्हणते, कीड लागत नाही.