गाडीचा ब्रेक टॉवरला विचारून लागत नाही

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मार्केट यार्डातल्या गाडीमालकांपासून जुळे सोलापुरातल्या निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे तो मला पाठवतायत, कारण गाड्यांना ट्रॅकर बसवणं हा माझा धंदा. मेसेज थोडक्यात असा: आता गाड्या एकमेकींशी बिनतारी बोलणार, पुढच्याने ब्रेक मारला की मागच्याला आपोआप कळणार. पण आपल्याकडे 'नेट न्यूट्रॅलिटी' आहे, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या मजकुराला सारखंच वागवायचं असा नियम, त्यामुळे गाडीचा संदेश आणि कुणाचं तरी रील एकाच रांगेत उभं राहतं. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत नेट अडकतं तसा ब्रेकचा संदेश अडकणार आणि माणसं मरणार. अमेरिकेने हा नियम काढला म्हणून तिथे गाड्या बोलायला लागल्या. आपणही काढावा, कंपन्यांना प्राधान्य विकू द्यावं, अपघात निम्म्यावर येतील. मग 'दहा जणांना पाठवा' हे ओघाने आलंच.

लिहिणाऱ्याला रस्त्यावरच्या माणसांची काळजी असेलही. पण मेसेजमधली एकेक गोष्ट तपासायला घेतली की फारसं काही हाती उरत नाही.

"गाडीचा संदेश टॉवरवरून जातो"

नाही जात. गाडी ते गाडी, म्हणजे व्हीटूव्ही, हा संदेश थेट जातो. एका गाडीच्या अँटेनातून निघतो, आसपासच्या काहीशे मीटरमधल्या गाड्यांच्या अँटेना तो पकडतात. मध्ये टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. यासाठी 5.9 गिगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओ लहरींचा वेगळा पट्टा वापरतात. तंत्रं दोन. जुनं 802.11पी, म्हणजे वायफायच्याच घराण्यातलं. दुसरं मोबाईलच्या घराण्यातलं, सीव्हीटूएक्स. या दुसऱ्याच्या नावात 'सेल्युलर' आहे, आणि घोळ बहुतेक तिथूनच सुरू झालाय. पण त्यातही पीसी5 नावाचा थेट मार्ग आहे. कोणती वेळ आणि कोणती फ्रिक्वेन्सी मोकळी आहे हे गाडी स्वतःच ऐकून ठरवते आणि बोलते. तुळजापूरच्या घाटात रेंज शून्य असली तरी काम चालतं.

ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून मागच्याला हाक मारली तर ती हाक टेलिफोन एक्स्चेंजमधून जात नाही, तसंच हे.

त्या संदेशात असतं काय? गाडी कुठे आहे, वेग किती, तोंड कुणीकडे, ब्रेक दाबलाय का. काहीशे बाइटचा हा मजकूर सेकंदाला साधारण दहा वेळा सगळ्यांसाठी फेकला जातो. इंटरनेटचा पत्ता त्याला लागत नाही, कारण तो इंटरनेटवर जातच नाही. नेट न्यूट्रॅलिटीचा नियम इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना लागू आहे. जो संदेश त्यांच्या दारातही जात नाही तो त्यांच्या रांगेत अडकणार कसा?

टॉवरच्या भरवशावर ब्रेक का सोडत नाहीत, ते माझ्या ट्रॅकरवरून सांगतो. प्रवासी गाड्यांना एआयएस-140 या सरकारी मानकाप्रमाणे जे यंत्र आणि पॅनिक बटण लावतात, ते पूर्णपणे मोबाईल नेटवर्कवर जगतं. रेंज गेली की यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवतं आणि रेंज आली की एकदम ओततं. ऑफिसात स्क्रीनवर बघणाऱ्याला गाडी एका जागी थिजलेली दिसते, मालकाचा फोन येतो, "ओ, गाडी बंद पडली का बघा की", आणि तेवढ्यात ती टुणकन पुढच्या गावात उमटते. गाडी कुठे आहे हे कळण्यासाठी एवढं चालतं. ब्रेकसाठी कसं चालेल? ताशी 80 किलोमीटरने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. संदेश दशांश सेकंदाने उशिरा आला तर दोन मीटर गेले, तीन सेकंदांनी आला तर 66 मीटर. म्हणून हे तंत्र बसवणाऱ्यांनी पहिल्यापासूनच टॉवरला बाजूला ठेवलं.

एक गोष्ट मात्र मान्य. सीव्हीटूएक्समध्ये टॉवरवरून जाणारा दुसरा मार्गही आहे. 'मोहोळच्या पुढे अपघात झालाय, रस्ता बंद आहे' अशी लांबची सूचना त्या मार्गाने येते. अ‍ॅम्ब्युलन्समधून हॉस्पिटलला ईसीजी पाठवायचा तर तोही मोबाईल नेटवर्कवरूनच. तिथे गर्दीचा आणि प्राधान्याचा प्रश्न खरा आहे.

"न्यूट्रॅलिटीमुळे कुणालाच प्राधान्य देता येत नाही"

आत्ता खिशातल्या 4जी फोनवरून कुणाला तरी कॉल लावा. तो कॉल प्राधान्यानेच चाललाय. व्होल्टीईच्या, म्हणजे 4जीवरून जाणाऱ्या कॉलच्या, आवाजाला नेटवर्कमध्ये क्यूसीआय 1 हा सेवेच्या दर्जाचा वर्ग मिळतो, साध्या इंटरनेटला सहसा क्यूसीआय 9. शेजारी कुणी क्रिकेट बघत असलं तरी तुमचा आवाज तुटू नये म्हणून टॉवर आधी तुमचा आवाज काढून देतो. हे वर्षानुवर्षं चाललंय आणि कुठलाही नियम मोडलेला नाही.

भारतातला नियम काय म्हणतो तेही बघा. ठरावीक वेबसाइटच फुकट देणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेवरून गदारोळ झाल्यावर ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 8 फेब्रुवारी 2016 ला आदेश काढला: मजकूर बघून डेटाचे दर कमी-जास्त करता येणार नाहीत. त्याच आदेशात आणीबाणीच्या सेवांसाठी सूट आहे. पुढे नोव्हेंबर 2017 मध्ये ट्रायच्या शिफारशी आल्या, 2018 मध्ये सरकारने त्या स्वीकारून कंपन्यांच्या परवान्यात अटी घातल्या: मजकुरावरून अडवू नका, मंद करू नका, पैसे घेऊन एकाला पुढे काढू नका. आणि तिथेच 'विशेष सेवा' वेगळ्या ठेवल्या. ज्या कामाला ठरावीक दर्जा लागतोच, त्याला वेगळी वाट देता येते. अट एवढीच की ती वाट साध्या इंटरनेटचा पर्याय म्हणून विकायची नाही आणि तिच्यामुळे बाकीच्यांचं इंटरनेट खराब व्हायला नको. मंजुरीच्या वेळी उदाहरणं कुठली दिली होती? स्वयंचलित गाड्या आणि टेलिमेडिसिन. म्हणजे मेसेजवाल्याला जी सवलत हवी आहे ती नियमात आधीपासून लिहून ठेवलेली आहे.

"गड्ड्यात नेट जातं ते यामुळेच"

गड्डा भरतो त्या होम मैदानाच्या आसपास संक्रांतीच्या दिवसांत फोन हातात धरून उभं राहिलेल्या कुणालाही हे खरं वाटेल. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती प्रत्येक हात वर, प्रत्येक हातात मोबाईल, आणि प्रत्येकाला तो व्हिडिओ त्याच मिनिटाला पाठवायचाय.

पण तिथे अडतं ते स्पेक्ट्रमपाशी. एका टॉवरकडे हवेतला ठरावीक पट्टा असतो, तो हजर असलेल्यांत वाटला जातो. त्यातही फोनकडून टॉवरकडे जाणारी बाजू डाउनलोडपेक्षा अरुंद असते आणि गड्ड्यात सगळा भार नेमका त्याच बाजूवर येतो. गर्दी फारच झाली की 'मला बोलायचंय' ही फोनची पहिली विनंतीच दुसऱ्यांच्या विनंत्यांवर आदळून फुकट जाते. आषाढीला पंढरपुरात होतं ते याचंच मोठं रूप. त्यावर उपाय म्हणजे जास्तीचे टॉवर, चाकांवरचे तात्पुरते टॉवर, जास्त पट्टा. न्यूट्रॅलिटी उद्या रद्द केली तरी होम मैदानावरचा पट्टा एका हर्ट्झनेही वाढत नाही.

"प्राधान्य विकू दिलं की रस्ते सुरक्षित होतील"

मेसेजचं खरं पोट इथे आहे, आणि माझा राग याच वाक्यावर आहे.

कामाचं स्वरूप बघून प्राधान्य देणं वेगळं, आणि खिसा बघून देणं वेगळं. व्हीटूव्हीच्या पट्ट्यातही प्राधान्य आहे: गर्दी झाली की ब्रेकचा संदेश आधी, पार्किंगची माहिती नंतर. तिथे महागड्या एसयूव्हीचा ब्रेक पहिला आणि ॲपे रिक्षाचा दुसरा असला प्रकार नाही. मुळात तसा असूच शकत नाही, कारण ॲपेने दाबलेला ब्रेक एसयूव्हीला कळला नाही तर धडकणार एसयूव्हीच.

विकलं जातं तेव्हा काय होतं त्याचा नमुना आपल्याकडे झालाय. 2020 मध्ये एअरटेलने 'प्लॅटिनम' आणि व्होडाफोन आयडियाने 'रेडएक्स' योजनांत जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त वेग देण्याचा वायदा केला. जुलैमध्ये ट्रायने दोन्ही थांबवायला सांगितल्या. प्रश्न साधा होता: टॉवर तोच, पट्टा तोच, मग याला जादा वेग कुणाच्या वाट्यातून देणार? त्या योजना अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नव्हत्या. जो जास्त भरेल त्याच्यासाठी होत्या, मग तो गादीवर लोळत रील बघत असला तरी.

अमेरिकेतलं उदाहरण तर मेसेजच्या अगदी उलट आहे. 2018 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात प्रचंड वणवा पेटलेला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाच्या गाडीचं इंटरनेट व्हेरायझनने मंद केलं, कारण प्लॅनमधला डेटा संपला होता. विनवण्या केल्यावर उत्तर आलं की महागडा प्लॅन घ्या, आणि त्यांनी तो घेतला. कंपनीने नंतर ती चूक मान्य केली आणि याचा न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही असंही सांगितलं. कायद्याचा कीस काढून बघितलं तर त्यात तथ्यही आहे. पण न्यूट्रॅलिटीचा केंद्रीय नियम उठून तेव्हा काही आठवडे झाले होते, आणि मोकळ्या सुटलेल्या कंपनीने आगीच्या बंबाला आपणहून वाट करून दिली असं काही घडलं नाही.

"अमेरिकेने नियम काढला म्हणून तिथे गाड्या बोलतात"

अमेरिकेने नियम 2015 मध्ये केला, 2017 च्या डिसेंबरात काढायचं ठरवलं, जून 2018 मध्ये तो प्रत्यक्ष उठला, एप्रिल 2024 मध्ये परत आणला आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टाने तो उडवला. व्हीटूव्हीची कथा पूर्ण वेगळी आहे. 1999 मध्ये तिथे गाड्यांसाठी 75 मेगाहर्ट्झ राखून ठेवले. वीस वर्षं तो पट्टा जवळजवळ रिकामा पडला, आणि शेवटच्या काही वर्षांत 802.11पी की सीव्हीटूएक्स हे भांडणही मिटेना. नव्या गाड्यांना सक्ती करण्याचा प्रस्ताव 2016 च्या अखेरीस आला आणि सात वर्षांनी मागे घेतला गेला. मधल्या काळात, 2020 मध्ये, 45 मेगाहर्ट्झ वायफायकडे गेले, गाड्यांना 30 उरले. या सगळ्यात न्यूट्रॅलिटी कुठेच नाही.

"अपघात निम्म्यावर"

हा आकडा कुठून आला ते मेसेजवाल्यालाच माहीत. गणित मांडून बघू. दोन गाड्या बोलायच्या तर यंत्र दोघींत हवं. रस्त्यावरच्या दहा टक्के गाड्यांत यंत्र असेल तर समोरासमोर आलेल्या कुठल्याही दोन गाड्यांपैकी दोघींकडेही ते असण्याची शक्यता एक टक्का. निम्म्या गाड्यांत बसलं तरी पंचवीस टक्के. कोजागिरीला तुळजापूरला चालत निघालेल्या माणसाकडे तर यंत्र असायचा प्रश्नच नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात हंगामात रात्री काय आडवं येतं? मंगळवेढा रोडला उसाने फुगलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, इंडिकेटर नाही, पाचट लोंबत असल्यामुळे रिफ्लेक्टरची पट्टी असली तरी झाकलेली. ट्रॅक्टरवाला गाणी मोठ्याने लावून निवांत. त्या ट्रॉलीत व्हीटूव्हीचं यंत्र बसायला अजून कितीतरी हंगाम जातील. तिच्या मागची पट्टी गाडी साखर कारखान्याच्या गेटवरून बाहेर सोडताना पुसून दिसती करायला लावली तर ते याच हंगामात होऊ शकतं, आणि त्यासाठी ट्रायकडे जावं लागत नाही.