चार देश, एक सॅक आणि व्हिसाचा फॉर्म

नकाशात थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम असे काही खेटून बसलेत की बघणाऱ्याला वाटतं, सकाळी एकात उठायचं आणि रात्री चौथ्यात झोपायचं. मी मित्राला म्हणलं, पहिलीच बॅकपॅकिंग ट्रिप आहे तर एका दमात चारही करून टाकू. तो लगेच हो म्हणाला. त्यानंतर प्लॅनिंगमध्ये त्याचं एकूण योगदान म्हणजे एक वाक्य, "बघू रे तिकडे गेल्यावर."

आता हे वाक्य व्हिसाच्या फॉर्ममध्ये चालत नाही ना! व्हिएतनामचा ई-व्हिसा 2023 पासून नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, ते ठीक, पण फॉर्म विचारतो की कुठल्या नाक्यावरून आत येणार, कुठून बाहेर पडणार, आणि एकदाच येणार की परत परत येणार. अरे बाबा, मला स्वतःला माहीत असतं तर मी बॅकपॅकर कशाला झालो असतो, टूर कंपनीबरोबर टोपी घालून गेलो नसतो का? त्यात मध्येच कंबोडियात जाऊन अंकोर वाटचं मंदिर बघून परत व्हिएतनाममध्ये शिरायचं म्हणलं की एकदाच-प्रवेशवाला व्हिसा बाद. बरं, विमान कंपनीच्या काउंटरवर कधीकधी पुढचं तिकीट पण मागतात, म्हणजे देशात पाय ठेवायच्या आधी तिथून जाणार कधी ते सिद्ध करा, आणि आमचा बेत तर बसने बॉर्डर ओलांडायचा, त्या बसचं तिकीट तिथे गेल्यावर काढायचं. झालं, इथे मात्र मित्राचं वाक्य बरोबर निघालं, याचाच जास्त राग आला.

मग हवामान. मला वाटलेलं ऊन, पाऊस, थंडी वगैरे चारही देशांनी आपसात ठरवून घेतलं असेल. कसलं काय! ऑक्टोबर-नोव्हेंबरला मध्य व्हिएतनाममध्ये, म्हणजे ह्यू, होई आनकडे, पूर यायचे दिवस. जानेवारीत बँकॉक छान, पण हनोईत जॅकेट लागणार. पुढे ढकलावं तर तेत येतो, म्हणजे त्यांचं नववर्ष, तेव्हा सगळा देश गावी निघालेला, ट्रेन फुल आणि दुकानं बंद. आणखी ढकललं तर मार्चमध्ये उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं-जंगलं जाळल्याचा धूर, डोंगर बघायला गेलेल्या माणसाला डोंगरच दिसत नाही. एप्रिलमध्ये नुसती भट्टी. मी रंगीत एक्सेल केली, देश एका बाजूला, महिने दुसऱ्या बाजूला, आणि सगळं हिरवं असलेला एकही महिना सापडला नाही. मित्राने ती बघून विचारलं, पिवळं म्हणजे चांगलं ना?

खरं भांडण झालं ते लाओसवरून. थायलंडच्या बॉर्डरवर हुआय साय नावाचं गाव आहे, तिथून मेकाँग नदीतून लुआंग प्रबांगला लाकडी बोट जाते, दोन दिवस, मध्ये पाकबेंगला मुक्काम. मित्राला हीच पाहिजे, कारण फोटो. दुसरीकडे डिसेंबर 2021 पासून लाओसमध्ये चीनपर्यंत जाणारी नवी रेल्वे सुरू झालीय, ती राजधानी व्हिएनतियानहून लुआंग प्रबांगला साधारण दोन तासांत सोडते. मला हीच पाहिजे, कारण पाठ. शेवटी जाताना बोट, येताना रेल्वे असं ठरलं आणि त्यापायी रूट इतका वाकडा झाला की नकाशावर मारलेली रेष बघून कोणीतरी पळ काढत असावं असं वाटतं.

पैशांचं तर विचारूच नका. व्हिएतनाममध्ये सर्वात मोठी नोट 5,00,000 डाँगची, त्यामुळे शून्यं मोजता मोजता मागची रांग वाढणार. लाओसचे किप बाहेर कोणी बदलून घेईलच असं नाही, म्हणून ते तिथेच संपवायचे. कंबोडियात डॉलर पण चालतात आणि रिएल पण, डॉलर दिला की सुट्टे रिएलमध्ये मिळतात, आणि डॉलरची नोट जरा फाटलेली असली की परत करतात, त्यांनी दिलेली मात्र आपण घ्यायची! चार देशांचे चार पाउच करावेत का, यावर मी बराच वेळ घालवलाय.

आता राहिली सॅक. आमच्या तिकिटावर केबिन बॅग सात किलो, आणि हनोईच्या थंडीचं जॅकेट, बूट, पॉवरबँक (तो चेक-इनमध्ये टाकता येत नाही, जवळच ठेवावा लागतो) एवढं भरून पाहिलं तरी काटा आठच्या पुढे. यावर मित्राने पहिल्यांदाच काहीतरी ठोस सुचवलं, "जॅकेट, बूट, दोन्ही जीन्स अंगावर चढव, अंगावरचं वजन करत नाहीत." म्हणजे तीस डिग्रीच्या पुढच्या बँकॉकमध्ये मी दोन जीन्स आणि लोकरीचं जॅकेट घालून उतरणार, इमिग्रेशनवाला विचारणार इतका घाम का आलाय, आणि माझ्याकडे पुढचं तिकीट पण नसणार.

तरी जॅकेटच्या खिशात पॉवरबँक मावतो का ते मी बघून ठेवलंय. मावतो.