शुभांशूचं रॉकेट काय पाण्यावर गेलं होतं?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच. मी फक्त एवढंच लिहिलं की फटाके रात्री दहानंतर नको, काकूंना दमा आहे, तर सांगलीचा दादा लगेच, "तुमच्या ॲमेझॉनवाल्या बेझोसला सांग आधी, अकरा मिनिटांच्या अंतराळफेरीला माणशी 75 टन कार्बन, आणि आम्ही दोन लवंगी माळा लावल्या की पर्यावरण बुडालं!" त्याखाली पाच-सहा अंगठे. "तुमच्या" का, तर मी फ्लोरिडात राहते. बेझोसची ती फेरी टेक्सासमधून उडायची हे सांगण्यात अर्थ नव्हता.

बरं, आकडा खोटा नाही, वर्ल्ड इनइक्वॅलिटी रिपोर्ट 2022 मधला आहे. पण त्यात अप्रत्यक्ष उत्सर्जन धरलंय. उडताना बेझोसचं न्यू शेपर्ड रॉकेट हायड्रोजन जाळतं, मागून निघते ती मुख्यतः वाफ. म्हणजे सोवळं आहे असं नाही, हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनवतात. पण खरी भानगड काजळीची. खालची काजळी पावसानं धुतली जाते, वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, पाऊसच नाही, ती वर्षानुवर्षं तिथेच तरंगते आणि ऊन शोषून घेते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये सांगितलं की रॉकेटची काजळी जमिनीवरच्या काजळीपेक्षा सुमारे 500 पट जास्त तापवते.

ही काजळी सोडतं कोण? व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ पर्यटन कंपनीचं रबरी इंधन, आणि केरोसीनवर चालणारं स्पेसएक्सचं फाल्कन 9 रॉकेट.

आता गंमत बघा. 14 एप्रिल 2025 ला गायिका केटी पेरी बेझोसच्या हायड्रोजनवाल्या रॉकेटमधून गेली, ग्रुपवर आठवडाभर टिंगल, श्रीमंतांचे चोचले वगैरे. 25 जूनला आपला अंतराळवीर शुभांशू शुक्ला गेला तो केरोसीनवाल्या फाल्कनमधून, ॲक्सिअम या खाजगी कंपनीच्या मोहिमेत, सीटचे पैसे भारत सरकारने भरलेले, आणि ग्रुपवर नुसते तिरंगे. तो प्रयोग करायला गेला, मिरवायला नाही, मान्य. पण काजळीला पासपोर्ट असतो का?

इथे टायटसव्हिलला, रॉकेट तळाजवळच्या आमच्या गावात, बूस्टर (रॉकेटचा खालचा टप्पा) परत येताना खिडक्या हादरतात, कुत्रा पलंगाखाली जातो आणि शेजारचा म्हातारा गवत कापायचं मशीन बंदही करत नाही. आमच्या लगूनमधलं (किनाऱ्यालगतच्या खाजणातलं) समुद्री गवत मात्र रॉकेटनं नाही, सेप्टिक टँक आणि लॉनच्या खतानं शेवाळ माजवून मारलं. 2021 मध्ये फ्लोरिडात हे गवत खाणारे सुमारे 1,100 मॅनटी (समुद्री गाई) मेले, त्यातले कितीतरी इथेच उपाशी. आता जून ते सप्टेंबर खत टाकायला काउंटीची बंदी आहे आणि आमच्या गल्लीत तरी लोक पाळतात. तिकडे 2023 मध्ये हायकोर्टानं मुंबईत फटाक्यांना आठ ते दहा वेळ दिली होती, ती कोणी पाळली ते दादानं सांगावं. (एचओएवाले, म्हणजे आमच्या सोसायटीवाले, लॉन पिवळं दिसलं की नोटीस पाठवतात, ते मी ग्रुपवर लिहीत नाही.)

आणि खरं सांगायचं तर शुभांशूच्या उड्डाणाला रात्री अडीच वाजता नदीकाठी मीच सगळ्यात मोठ्यानं "गणपती बाप्पा मोरया" ओरडले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, तुमचा माणूस का? मी छाती फुगवून हो म्हटलं. तेवढ्यात माझी लेक, इथेच जन्मलेली, त्याला म्हणाली, पण रॉकेट आमचं आहे. दोघांपैकी एकालाही काजळीबद्दल मी काही बोलले नाही, व्हिडिओ तेवढा दादाला पाठवला.