आधी गोत्र विचारा, मग गाणं ऐका

चार रॉकवेडे जमलेत, कोणीतरी 'गन्स अँड रोझेस' हा अमेरिकन रॉक बँड लावलाय, गिटार नुकती सुरू झालीय. अशा वेळी गाणं ऐकत बसू नका. ऐकायला काय, कोणीही ऐकतं. आवाज जरा कमी करायला सांगा आणि विचारा, "पण हे नक्की ग्लॅम मेटल म्हणायचं का हो?" पुढचे दोन तास तुमचे.

स्थळ बघताना मुलाचं शिक्षण, पगार, स्वभाव हे सगळं नंतर येतं, आधी गोत्र. ऐंशीच्या दशकातल्या, केस फुगवून डोळ्यांत काजळ घालणाऱ्या, म्हणजेच ग्लॅम म्हटल्या जाणाऱ्या बँडांनाही हाच नियम लावा. हेवी मेटल, ग्लॅम मेटल, पॉप मेटल, हेअर मेटल, स्लीझ रॉक, हार्ड रॉक, एओआर (अल्बम-ओरिएंटेड रॉक) ही सगळी नावं तोंडपाठ हवीत. त्यांच्यातला फरक कोणी विचारलाच तर "कान तयार असला की कळतो" म्हणून मोकळं व्हा. (आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनी या सगळ्याला मिळून 'धांगडधिंगा' असं एकच नाव ठेवलं होतं. वर्गीकरण म्हणून त्यात खोट काढता येत नाही. पण त्याने वाद मिटतो, त्यामुळे ते आपल्या कामाचं नाही.)

सुरुवात केसांपासून करा. केस लांब असणं हा गुन्हा नाही, मेटॅलिकाचेही लांबच होते. गुन्हा आहे फुगवण्याचा. सरळ खांद्यावर पडले तर थ्रॅश (मेटलचा वेगवान, कडक प्रकार), हेअरस्प्रेने वर उभे राहिले तर ग्लॅम. 'पॉयझन'चा १९८६ चा पहिला अल्बम कायम हाताशी असू द्या. मुखपृष्ठावर चार चौकोन आणि त्यांत चार चेहरे: गालांवर लाली, ओठांवर लिपस्टिक, केस चौकटीत मावत नाहीत. पोरं पेन्सिल्व्हेनियातून उठून लॉस एंजेलिसला आलेली, पण मुखपृष्ठ बघून कितीतरी जणांना वाटलं की हा बायकांचा बँड आहे. एवढा पुरावा असल्यावर आत काय वाजतंय ते ऐकायची गरजच काय? उलट ते टाळाच. ऐकलं तर साधं, उडतं, पहिल्या फेरीतच कोरस पाठ होणारं रॉक अँड रोल सापडेल, आणि एवढा मोठा वाद उगाच लहान दिसायला लागेल.

केसांचा नियम एका ठिकाणी मात्र जपून वापरा. 'वेलकम टू द जंगल'च्या व्हिडिओत गन्स अँड रोझेसचा गायक अॅक्सल रोझ बसमधून उतरतो तेव्हा तोंडात गवताची काडी असते, अगदी गावाकडचा पोरगा. आणि थोड्याच वेळात तोच गडी मंचावर येतो तो असे केस फुगवून, की पॉयझनवाल्यांनी त्याच्या न्हाव्याचा पत्ता मागावा. साल १९८७. हा व्हिडिओ कोणी काढलाच तर न डगमगता म्हणा, "ते तेवढ्यापुरतं होतं." मग लगेच 'खरेपणा'वर या. गन्स अँड रोझेस खरे, रस्त्यावरचे, धोकादायक. बाकीचे सगळे नटवे. समोरच्याने आठवण करून दिली की त्याच १९८७ मध्ये 'मॉट्ली क्रू'चा निकी सिक्स हेरॉइनच्या अतिमात्रेने मरता मरता वाचला, तर त्यालाही तयार राहा: धोका धोक्यात फरक असतो. आणि बँडचं नाव कुठून आलं हा विषय काही झालं तरी निघू देऊ नका. ते आलं 'एल.ए. गन्स' आणि 'हॉलिवूड रोझ' या दोन बँडांच्या नावांतून, दोघेही त्याच शहरातले, त्याच क्लबांतले. एल.ए. गन्सना ग्लॅम म्हणायला कोणाचीच ना नसते. आजोळ असं जगजाहीर असताना पोराला वेगळ्या कुळात बसवायचं, म्हणजे कसब लागतंच.

सरावाने तुमच्या लक्षात येईल की ज्या बँडची कॅसेट पाहुण्यांना दिसेल अशी ठेवता येते तो हार्ड रॉक, आणि जिची रवानगी मागच्या रांगेत होते तो हेअर मेटल. हे बोलून दाखवायचं नाही एवढंच.

मागच्या रांगेतल्या कोणाला पुढे आणायचं असेल तर त्यावर ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं जुनं संगीत) शिंपडा. पंचगव्यासारखं काम करतं. 'सिंड्रेला'ने १९८६ च्या पहिल्या अल्बममध्ये रीतसर ग्लॅम केलं, १९८८ च्या दुसऱ्यात ब्लूज आणलं आणि तेव्हापासून जाणकार त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. 'व्हाइटस्नेक'ची गोष्ट अवघड, पण मजेची. त्यांचा गायक डेव्हिड कव्हरडेल 'डीप पर्पल' या नावाजलेल्या हार्ड रॉक बँडमधून आलेला, त्यामुळे घराणं वादातीत. 'हिअर आय गो अगेन' हे त्यांचं गाणं १९८२ चं. तेव्हा ते ब्लूज रॉक होतं. तेच गाणं त्याच गळ्याने १९८७ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. शब्दांत 'होबो'च्या जागी 'ड्रिफ्टर' आला, कीबोर्ड चकाचक झाले, व्हिडिओत जॅग्वार गाडीच्या बॉनेटवर एक सुंदरी लोळायला लागली आणि गाणं ग्लॅम मेटल झालं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावरही गेलं, हा त्याचा दुसरा अपराध. तुम्ही १९८२ चंच ऐकता असं सांगत चला. गाडीत एकटे असताना कोणतं लावता ते कोणी बघायला येत नाही.

तारखांच्या बाबतीत फार प्रामाणिक राहू नका. अडचण अशी की 'हेअर मेटल' हे नाव रुळलं ते नव्वदच्या दशकात, मंडळींचा बाजार उठल्यावर, तेही खिजवायला. दुकान चालू होतं तोवर मासिकं, रेकॉर्ड कंपन्या आणि टीव्हीवाले सरसकट 'हेवी मेटल'च म्हणत. नोव्हेंबर १९८३ मध्ये 'क्वाएट रायट'चा अल्बम 'द पोलीस' या बँडला खाली खेचून अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या यादीत पहिला आला. असं करणारा पहिला हेवी मेटल अल्बम म्हणून त्याची नोंद आहे. त्याला वर नेणारं गाणं मुळात कोणाचं? 'स्लेड'चं. १९७३ चं. इंग्लंडमधल्या ग्लॅम रॉकच्या ऐन भरातलं. म्हणजे मेटलने पहिला गड सर केला तो ग्लॅमच्या खांद्यावर बसून. हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. माझ्या ओळखीतल्या दोन मेटलवाल्यांची भूक गेली होती.

सरकारी दाखला मागणाऱ्यांसाठी तोही उपलब्ध आहे. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सिनेटर आणि बड्या अधिकाऱ्यांच्या बायकांनी मंडळ काढून पंधरा गाण्यांची काळी यादी केली आणि प्रत्येक गाण्यापुढे अक्षर लिहिलं: कोणाला हिंसेचं, कोणाला लैंगिकतेचं, कोणाला सैतानाचं, कोणाला दारू-ड्रग्जचं. त्या दारूच्या रकान्यात 'डेफ लेपर्ड' आणि 'ब्लॅक सॅबथ' शेजारी शेजारी बसले. एवढं निःपक्षपाती वर्गीकरण त्यानंतर कोणालाच जमलेलं नाही. १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे 'ट्विस्टेड सिस्टर'चा गायक डी स्नायडर साक्षीला आला. बाह्या कापलेलं डेनिम जाकीट, पिंजारलेले केस; मागच्या खिशातून घड्या घातलेला कागद काढला आणि शांतपणे वाचायला लागला. मंडळातल्या एका बाईंना ज्या गाण्यात विकृत कामक्रीडा दिसली होती, ते गाणं घशाच्या शस्त्रक्रियेच्या भीतीवर आहे, असं त्याने सांगितलं. ज्यांना दुसरं काही दिसलं त्यांना ते शोधायचंच होतं म्हणून दिसलं, असंही वर ऐकवलं. तुम्ही यातून एवढंच घ्या की गाणाऱ्याला विचारू नये. तो नको ते सांगतो. 'मोटरहेड'चा लेमी दर कार्यक्रमात "आम्ही रॉक अँड रोल वाजवतो" असं सांगत राहिला, तरी आपण त्याला मेटलमध्ये बसवलंच ना? शेफील्डच्या डेफ लेपर्डने 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' हे बिरूद कितीदा झटकलं, पण १९७९ मध्ये 'साउंड्स' साप्ताहिकाने चालवलेलं नाव असं सुटतं थोडंच.

जाणकारांच्या समितीवरही विसंबू नका. १९८९ मध्ये ग्रॅमीवाल्यांनी हार्ड रॉक आणि मेटल मिळून एक नवं पारितोषिक सुरू केलं. मेटॅलिका स्पर्धेत होते, मंचावर वाजवूनही गेले. पारितोषिक मिळालं 'जेथ्रो टल'ला, म्हणजे बासरीवाल्यांना. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने मग बासरी हे जड धातूचं ('हेवी, मेटल') वाद्य आहे अशी जाहिरात छापली. या सगळ्या वादात तर्काला धरून झालेलं विधान माझ्या मते एवढं एकच. पुढच्या वर्षी समितीने हार्ड रॉक वेगळं, मेटल वेगळं केलं.

एखाद्या बँडचं पूर्वाश्रमीचं जीवन निघालं तर तिकडे कानाडोळा करा. टेक्सासच्या 'पँटेरा'चं नाव घेताना मेटलवाले कानाला हात लावतात. पण १९९० च्या 'काउबॉइज फ्रॉम हेल'ला पहिला अल्बम म्हणायचं तर त्याआधीचे चार कुठे ठेवायचे? १९८३ पासूनचे ते अल्बम, ते तंग विजारीतले फोटो, तो गिटारवाला डॅरेल, ज्याला तेव्हा डाइमबॅग नव्हे तर 'डायमंड' म्हणत. बँडने स्वतःच त्या अल्बमांचं नाव टाकलं. संन्याशाला मागचं विचारू नये हा संकेत इथे उपयोगी पडतो. पॉयझनने मात्र मागचं काहीच टाकलं नाही, म्हणून ते कायमचे संसारी.

आता फक्त 'किस' बँडवाले राहिले, आणि इथेच भले भले आडवे होतात. सत्तरच्या दशकात त्यांनी चेहऱ्यावर पांढरा-काळा रंग थापला, उंच टाचांचे बूट घातले, तोंडातून आग काढली. तेव्हा ते हार्ड रॉक. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी एमटीव्हीवर येऊन रंग पुसलेले चेहरे दाखवले आणि त्यानंतरच्या अल्बमांना सगळे ग्लॅम मेटल म्हणू लागले. १९९६ मध्ये रंग परत लावला, पुन्हा हार्ड रॉक. समोरच्याच्या हे ध्यानात येतंय असं वाटलं तर त्याला बोलू देऊ नका. पटकन चहा सांगा, आणि चहा येईपर्यंत बॉन जोव्ही रॉक की पॉप ते काढा.